घोड्यांच्या आवाराला लवचीक रेलचे कुंपण : निवड, उभारणी आणि तुमचे हक्क

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे व्यवहार होतात आणि त्यानंतरचे काही महिने एकच विचारणा वारंवार कानावर येते: "घोडा आणला, पागा बांधली, आता मोकळे सोडण्यासाठी आवाराला कुंपण कोणते घालू?" शेताला असते तीच काटेरी तार पुढे ओढावी असे घरातले सांगतात. विक्रेता पांढऱ्याशुभ्र लवचीक रेलचे छायाचित्र दाखवतो. गवंडी सिमेंटचे पोल सुचवतो. यात कोणाचे ऐकायचे हे ठरत नाही आणि बहुतेक वेळा दरपत्रक पाहून निर्णय होतो.

लवचीक रेल हा घोड्यांसाठी फार चांगला पर्याय आहे, पण एका अटीवर. या कुंपणाची सुरक्षितता रेलच्या ताणात असते आणि तो ताण कोपऱ्याचे खांब धरून ठेवतात. खांब झुकला की ताण जातो, आणि सैल पडलेली रेल घोड्याचा पाय अडकवते. त्यामुळे रेलचा रंग आणि रुंदी ठरवण्याआधी जमीन, खांब आणि देखभाल यांचा विचार करा.

घोड्याला वेगळे कुंपण का लागते

गाय किंवा म्हैस कुंपणाला रेलते, हळूहळू ढकलते. घोडा बिथरला की आधी पळतो आणि मग पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास सभोवार दिसते, पण नाकासमोरचा अगदी जवळचा भाग दिसत नाही. बारीक तार त्याला धावताना वेळेत जाणवत नाही. म्हणून घोड्याच्या कुंपणाकडून तीन गोष्टी हव्यात:

- लांबून स्पष्ट दिसावे.
- घोडा आदळला तर कुंपणाने थोडे मागे जाऊन धक्का झेलावा, पण तुटू नये.
- टोक, धार किंवा पाय अडकेल अशी फट कुठेही नसावी.

काटेरी तार या तिन्ही कसोट्यांवर नापास होते. तिने झालेल्या पायाच्या जखमा सांध्यापर्यंत आणि स्नायुबंधापर्यंत जातात, आणि धनुर्वाताच्या बाबतीत घोडा सर्वांत नाजूक जनावरांपैकी एक आहे. तुमच्या शेताला आधीच काटेरी तार असेल, तर घोड्यांचे आवार तिच्यापासून काही फूट आत स्वतंत्र आखा. त्याच खांबांवर आतून रेल लावून काम भागवू नका.

'लवचीक रेल' या नावाखाली काय काय विकले जाते

हे एकच नाव निरनिराळ्या वस्तूंना लावले जाते आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

1. रुंद पट्टीची रेल. चार ते पाच इंच रुंद प्लास्टिकची पट्टी, आणि तिच्या लांबीभर आत बसवलेल्या दोन किंवा तीन उच्च ताणाच्या जस्तलेपित पोलादी तारा. सहसा १२.५ गेजची, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची तार असते. ताकद तारांची आणि दृश्यता पट्टीची. ही रोलमध्ये येते.
2. आवरणाची एकेरी तार. तशीच पोलादी तार, भोवती प्लास्टिकचे जाड आवरण. पट्टीपेक्षा स्वस्त, पण कमी दिसते. वरची एक रेल रुंद आणि खाली अशा तारा, ही जोडणी खर्चाच्या दृष्टीने चांगली बसते.
3. वीजवाहक आवरणाची तार. आवरणात कार्बन मिसळलेला असल्याने ती झटका मशीनला जोडता येते. घोडे कुंपणाला अंग घासत असतील तर वरच्या बाजूला अशी एक तार पुरते.
4. झटक्याची फीत किंवा दोर. ही आवारातल्या आवारात तात्पुरते भाग पाडण्यासाठी वापरा, बाहेरच्या हद्दीला एकटी लावू नका. वीज नसताना तिच्यात घोडा थोपवण्याची ताकद नसते.

पीव्हीसीच्या पोकळ फळ्यांचे कुंपण दिसायला याच्यासारखे असते, पण ते लवचीक नव्हे. आत तार नसल्याने घोडा आदळला की फळी खाचेतून निसटते किंवा तिचे तुकडे होतात. विकत घेण्यापूर्वी कापलेला नमुना हातात घ्या आणि कापलेल्या टोकाला तारा दिसतात का ते पाहा.

लवचीक रेल कुठे लावू नये

चांगली वस्तूही प्रत्येक जागी चालत नाही. पुढील ठिकाणी दुसरा पर्याय घ्या:

- लहान गोल आवार किंवा प्रशिक्षणाची जागा. घोडा तिथे सतत कडेने फिरतो आणि कुंपणाला लागतो. गोल लोखंडी पाइप किंवा लाकूड बरे.
- विहीर, शेततळे किंवा कालवा लगत असेल तेव्हा. धक्का बसल्यावर रेल बाहेर झुकते. तिच्यामागे मोकळी, सपाट जागा हवी. या बाजूला पक्की भिंत किंवा पाइप घाला.
- महामार्ग किंवा रेल्वेमार्गाची बाजू. एकट्या रेलवर विसंबू नका. आवाराचे कुंपण आणि हद्दीचे कुंपण अशी दोन कुंपणे ठेवा.
- शेजारी उसाचे पाचट जाळतात अशी हद्द. रेलचे प्लास्टिक आचेने वितळते. किमान काही फुटांचा गवत काढलेला पट्टा मध्ये सोडा, नाहीतर त्या बाजूला दगडी गडगा किंवा पाइप वापरा.
- बिबट्याचा वावर असलेला भाग. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात आणि उसाच्या शेतांजवळ शिंगरांना रात्री बंद, जाळी बसवलेल्या पागेतच ठेवा. रेलचे कुंपण घोडा आत ठेवते. बिबट्या किंवा मोकाट कुत्री बाहेर ठेवत नाही.

पहिली पायरी : घोडा पाहून उंची आणि रेल ठरवा

- सर्वसाधारण घोडी आणि खच्ची केलेले घोडे: साडेचार ते पाच फूट उंची. साडेचार फुटांत पाच इंची तीन रेल बसवा. खालची फट बारा इंच ठेवली, तर मधल्या दोन फटी प्रत्येकी साडेतेरा इंचांच्या येतात.
- घोडी आणि शिंगरू: पाच फुटांत चार रेल. खालची फट दहा इंच ठेवली, तर मधल्या तीन फटीही दहा-दहा इंचांच्याच येतात. शिंगरू लोळताना खालून बाहेर जाण्याची शक्यता यामुळे खूप कमी होते.
- नर घोडा: पाच ते सहा फूट उंची आणि वर झटक्याची एक तार. शेजारच्या आवारात दुसरा घोडा असेल तर दोन कुंपणांमध्ये दहा-बारा फुटांची वाट सोडा. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना घोडे आले की कुंपणावरूनच लाथा आणि चावे सुरू होतात.

रेल नेहमी खांबाच्या आतल्या, म्हणजे घोड्याच्या बाजूला लावा. घोडा रेलवर टेकला की ती खांबावर दाबली जाते, आणि धावताना त्याचा खांदा खांबावर आपटत नाही. रंगांत पांढरा हिरव्या पार्श्वभूमीवर आणि संधिप्रकाशात सर्वांत चांगला दिसतो. काळा किंवा तपकिरी घ्यायचा असेल तर निदान वरची रेल पांढरी ठेवा.

दुसरी पायरी : जमीन पाहून खांब ठरवा

खरा खर्च आणि खरे कौशल्य इथे आहे.

*काळी जमीन.* उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतात ते यामुळेच. कोपऱ्याचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, तळाशी तो वरच्यापेक्षा रुंद करा आणि काँक्रीट भरा. मुरूम फार खोल असेल तर खड्डा भेगांच्या थराखाली न्या आणि टेकू अधिक भक्कम करा.

*कोकणातला जांभा.* खणायला कष्ट पडतात, पण खांब घट्ट बसतो. इथे काळजी गंजाची: खारी हवा आणि लांबलेला पाऊस असल्याने सगळे नट-बोल्ट, रेल खांबाला धरणारे कंस आणि रेल ताणण्याची ताणणी गरम जस्तलेप दिलेल्याच घ्या.

*मुरमाड किंवा खडकाळ माळ.* खोली कमी मिळते. अशा वेळी पहारीने कसाबसा खड्डा करून भागवू नका. ड्रिल करून खांब बसवा.

खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत जावा हा साधा नियम लक्षात ठेवा. पाच फूट उंचीच्या कुंपणाला साडेसात फुटी खांब लागतो. कोपऱ्याचे आणि शेवटचे खांब याहून खोल, जाड आणि टेकू दिलेले असावेत, कारण सगळ्या रेलचा एकत्रित ताण त्यांच्यावर येतो. मधल्या खांबांवर रेलचे वजन आणि अधूनमधून बसणारा धक्का एवढाच भार असतो.

खांबांचे साहित्य निवडताना:

- सिमेंटचे पोल: मधल्या जागी चालतात, कडा गोल केलेल्या असतील तर. कोपऱ्यावर बारीक पोल ताणाने तडकतो, तिथे वापरू नका.
- जीआय पाइप: कोपऱ्यासाठी जाड पाइप काँक्रीटमध्ये बसवला तर उत्तम. वरचे तोंड टोपीने बंद करा, नाहीतर पाणी साचून आतून गंज धरतो.
- लाकूड: रासायनिक प्रक्रिया केलेलेच घ्या. बाभळीचे कच्चे डांब वाळवी खाते आणि घोडे कुरतडतात.
- लोखंडी अँगल: वरचे टोक धारदार असते. घोड्यांच्या आवारात नकोच.

तिसरी पायरी : मोजमाप आणि खरेदी

कागदावर हिशेब केल्याशिवाय दरपत्रक मागू नका. एक एकराचे, म्हणजे ४० गुंठ्यांचे चौरस आवार धरू. एक बाजू सुमारे २०९ फूट, परिमिती ८३५ फूट. तीन रेलसाठी साधारण २,५०५ फूट पट्टी लागेल. दहा फुटांवर खांब धरले तर ८४ खांब. आठ फुटांवर १०५. रोल ६६० फुटांचा असेल तर चार रोल घ्यावे लागतील आणि जवळपास १३५ फूट पट्टी शिल्लक राहील. ती विकू किंवा टाकू नका, दुरुस्तीला हीच उपयोगी पडते. हेच एकर १०० फूट रुंदीच्या लांबट पट्ट्यात असेल तर परिमिती १,०७० फुटांच्या पुढे जाते. जागेचा आकार निवडण्याची मुभा असेल तर चौरसाकडे झुका.

विक्रेत्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या:

1. पट्टीत तारा किती, कोणत्या गेजच्या, जस्तलेप आहे का?
2. प्लास्टिकला ऊन सोसण्यासाठीचा घटक मिसळला आहे का? आपल्या उन्हात साधे प्लास्टिक लवकर ठिसूळ होते.
3. दोन खांबांतले कमाल अंतर किती चालते? तुमच्या रेलच्या माहितीपत्रकातला आकडाच पाळा.
4. कंस, ताणणी आणि जोडणी दरात धरली आहे का? हे सुटे भाग पाच वर्षांनीही मिळतील का?
5. हमी कशाची आहे? पुष्कळदा ती फक्त रेलची असते. खांब, मजुरी आणि चुकीची उभारणी तिच्यात येत नाही.

बजेट आखडते असेल तर रेल कमी करा, कोपऱ्याच्या खांबांत काटकसर करू नका. वर एक रुंद पट्टी आणि खाली तीन आवरणाच्या तारा असे भक्कम कुंपण कच्च्या खांबांवरच्या चार रुंद पट्ट्यांपेक्षा सुरक्षित असते.

चौथी पायरी : उभारणी करून घेताना

- हंगाम: पावसाळा संपून जमीन स्थिरावल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काँक्रीट पुरते पक्के होईपर्यंत रेल ताणू देऊ नका; मजूर घाई करतील, तुम्ही थांबा.
- ओळंबा आणि दोरी: आधी कोपऱ्याचे खांब, मग दोरी लावून मधले. प्रत्येक खांब ओळंब्यात आहे का ते तपासा.
- रेल कंसातून सरकली पाहिजे: कंस रेलला फक्त आधार देतो. रेलमधून आरपार स्क्रू किंवा खिळा मारला, तर धक्का पूर्ण लांबीत न पसरता एकाच जागी बसतो आणि छिद्रातून पाणी तारेपर्यंत जाते. उभारणीतली सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत घातक चूक हीच आहे.
- कोपरे: अरुंद टोकदार कोपऱ्यात दबलेला घोडा कोंडला जातो आणि मार खातो. शक्य तिथे कोपरा गोलाईत घ्या. वळणावर रेलचा ताण खांबांना आत ओढतो, म्हणून तिथे खांब जवळजवळ घ्या आणि बाहेरच्या बाजूला किंचित कललेले बसवा.
- फाटक: ज्या खांबावर रेलचा ताण आहे त्यालाच फाटक टांगू नका. खांब जरा हलला तरी फाटक अडकते. फाटक कोपऱ्यात नको, तिथे घोड्यांची गर्दी होते. ट्रॅक्टर जाण्यासाठी किमान बारा फूट रुंदी ठेवा, आणि कडी अशी घ्या की घोडा ओठांनी उघडू शकणार नाही.
- ताण आणि तापमान: शंभर मीटर पोलादी तार तीस अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबते किंवा आखडते. खानदेश-विदर्भात हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून ताण माहितीपत्रकाप्रमाणे द्या आणि ताणणी पुन्हा फिरवता येईल अशीच बसवा.

कुंपण तयार झाल्यावर घोडा लगेच मोकळा सोडू नका. दिवसाउजेडी मोरकी आणि दोर लावून मोतद्दाराने त्याला आतून पूर्ण फेरी मारून आणावी, प्रत्येक बाजू पाहू द्यावी. नवीन घोडा पहिल्या दिवशी एकटा किंवा शांत सोबत्याबरोबर सोडा.

झटका जोडायचा असेल तर

- रुंद पट्टीच्या आतल्या तारांना वीज जोडू नका. त्या प्लास्टिकने झाकलेल्या असतात, घोड्याला झटका लागतच नाही. वीजवाहक आवरणाची वेगळी तार लावा.
- मान्यताप्राप्त बनावटीचे, ठरावीक अंतराने क्षणभर झटका देणारे मशीनच वापरा. अर्थिंग नीट नसेल तर चांगले मशीनही निकामी ठरते.
- घरातली किंवा मोटारीची लाइन कुंपणाला थेट जोडणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. असल्या कुंपणांनी माणसे आणि जनावरे दगावतात, आणि जोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.
- रस्त्याच्या बाजूने ठळक सूचनाफलक लावा आणि तारेला गवत टेकू देऊ नका.

देखभालीचे वेळापत्रक

| केव्हा | काय पाहायचे |
|---|---|
| दर आठवड्याला | पूर्ण फेरी. निखळलेले कंस, अडकलेले केस, कुरतडल्याच्या खुणा |
| मे महिन्यात | उन्हाने सैल पडलेली रेल, ताणणी |
| पावसाळ्यानंतर | कोपऱ्याचे खांब ओळंब्यात आहेत का, पायाची माती खचली का, कापलेल्या टोकांवर गंज |
| डिसेंबरात | थंडीने जास्त ताण आलाय का, फाटक अडकते का |
| घोडा आदळल्यावर | त्या संपूर्ण बाजूचे सर्व कंस आणि दोन्ही टोकांचे खांब |

पट्टी फाटून तार उघडी पडली असेल तर तो तुकडा बदलेपर्यंत घोडा त्या आवारात सोडू नका. घोड्याला जखम झाली असेल तर ती लहान दिसली तरी पशुवैद्यकांना दाखवा आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख सांगा. सांध्याजवळचे छोटे भोकही आत खोलवर गेलेले असू शकते.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- हद्द. खड्डे खणण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. काँक्रीटचे खांब हलवण्यापेक्षा मोजणीची फी स्वस्त पडते. बांधावरून शेजाऱ्यांची वहिवाट असेल तर ती अडवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेतावर जाण्याच्या वाटेबाबत तहसीलदारांकडे दाद मागता येते. तुमची वाट कोणी अडवली असेल तर हेच कलम तुमच्याही कामाचे आहे.
- भाड्याची जमीन. करार संपल्यावर रेल, खांब आणि फाटक काढून नेण्याचा हक्क करारातच लिहून घ्या.
- घोडा बाहेर पडला तर. जनावरांच्या अतिक्रमणाबाबतच्या १८७१ च्या कायद्यात घोडेही येतात. पिकात शिरलेला घोडा कोंडवाड्यात जाऊ शकतो. जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली शिक्षा आहे.
- घोड्याची काळजी. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३ नुसार जनावराचे हित पाहणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे ही ते सांभाळणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यामुळे कुंपण सुरक्षित ठेवणेही मालकाचेच काम ठरते.
- सदोष माल किंवा काम. पक्के बिल, हमीपत्र, कापलेला नमुना आणि उभारणीची छायाचित्रे जपून ठेवा. आधी लेखी तक्रार करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. निव्वळ व्यापारी वापराच्या खरेदीला हे संरक्षण मिळत नाही, मात्र स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेल्या खरेदीला मिळते.

निर्णय कसा घ्यावा

आवार मोठे आहे, बाजू सरळ आणि लांब आहेत, कोपऱ्यांवर खर्च करायची तयारी आहे आणि वर्षातून दोनदा ताण तपासायला माणूस आहे, तर लवचीक रेल निःशंकपणे घ्या. यांतली शेवटची गोष्ट नसेल, तर लवचीक रेल घेऊ नका. गोल पाइपचे साधे कुंपण दुर्लक्ष झाले तरी बराच काळ टिकून राहते. आणि आधी कोपऱ्याच्या जागी एक खड्डा खणून जमिनीत काय लागते ते पाहा. मुरूम किती खोल आहे हे कळल्यावर मागवलेले दरपत्रकच खरा खर्च सांगेल.